पाटणादेवी ते नवापूर : खान्देशच्या वाटांवरचे पाच दिवस

पहिला दिवस : पाटणादेवी

चाळीसगावला उतरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. दत्तजयंतीचा आठवडा, म्हणजे खान्देशातली खरी थंडी. सोबत आप्पा. माझे वडील ३१ वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते. खान्देशातला एकेक रस्ता त्यांच्या हातांना पाठ आहे, पण "कडेला काय शे ते पाहाले कधी फुरसत भेटनी नही," असं ते निवृत्त झाल्यापासून म्हणत आलेत. माझंही एक देणं राहिलं होतं. कॉलेजात असताना पाटणच्या शिलालेखातल्या जुन्या मराठीच्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्या होत्या, आणि वीस वर्षांत त्या जागी एकदाही गेले नव्हते. ती वही या वेळी पिशवीत होती.

रिक्षाने अठरा-वीस किलोमीटर. उसाची, कपाशीची शेतं मागे पडतात आणि अजिंठ्याच्या रांगेचा कडा एकदम समोर येऊन उभा राहतो. देवीचं दर्शन घेतलं, नदीकाठी सावली बघून बसलो आणि वही उघडली.

शके ११२८ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात आहे. पण मठाचं पोट कशावर चालायचं, हा भाग लिहायची वेळ आली तशी भाषा बाजारात उतरते आणि मराठी होते. "इयां पाटणीं जें केणें उघटे", म्हणजे या पाटणात जो माल उघडला जाईल, त्यावर राजाला मिळायचा तो हिस्सा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. आणि इथे जे मोजलं जाईल ते मठाच्या मापाने मोजायचं.

मी वाचत गेले तसे आप्पा थांबवून थांबवून पुन्हा वाचायला लावत होते. त्यांच्या आजोळी घाणा होता; बैलाच्या डोळ्यांवरची झापडं आणि पळीला लागलेलं कोमट तेल त्यांना आठवतं. "म्हनजे शाळाले गावनी तेल घालानं," ते म्हणाले. मला याहून नेमका अर्थ सांगता आला नसता. कडाक्याच्या थंडीत रात्री ग्रहगणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात घाण्यावरचं तेल जळत होतं.

मला मात्र त्या पाच पोफळी सोडत नव्हत्या. सुपारी खान्देशात पिकत नाही. तिला दमट हवा लागते, समुद्राकाठची. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी, घाटाखालच्या या जंगलाच्या तोंडाशी असलेल्या गावात कोकणाकडची सुपारी इतकी नेहमीची होती की तिच्यात कर मोजता यायचा. बैलांच्या पाठीवर ती किती घाट चढली-उतरली असेल! शिलालेख कोरणाऱ्याला हे सांगायचंच नव्हतं, त्याला फक्त हिशेब लिहायचा होता. पण समाज कसा उभा राहतो याचं माझ्यासाठी तरी हे पहिलं उत्तर आहे. शेतात गरजेपेक्षा जास्त तीळ-करडई पिकते, घाणा फिरतो, बाजार भरतो, बाजारात परमुलखाचा माल उघडतो, आणि त्या उलाढालीतली पळीभर धार कुणीतरी विद्येसाठी बाजूला काढून ठेवतो. यातली एक कडी तुटली की मठ बंद.

याच पाटण्याच्या आसपास एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं होतं. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात त्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, आणि एका तुकड्यावर मुद्दाम कोरलेली आडव्यातिडव्या रेघांची नक्षी. तेव्हा खान्देशात शहामृगं होती. शेती नव्हती, गाव नव्हतं, मडकं नव्हतं. तरी कुणीतरी कवचाचा तुकडा घासून गोल केला, त्याला भोक पाडलं आणि गळ्यात घातला. आप्पांनी झाडाखालून एक खडा उचलला, बराच वेळ अंगठ्याने चोळत बसले आणि परत जागेवर ठेवला.

दुसरा दिवस : पितळखोरा, बहाळ

सकाळी जीप करून कन्नडचा घाट चढलो. घाटात आप्पा दर वळणाला उजवा पाय दाबत होते, ब्रेक असल्यासारखा. पितळखोऱ्याच्या पायऱ्या त्यांना उतरवणार नाहीत असं वाटलं होतं, पण उतरले, कठड्याला धरून, माझा हात न घेता.

लेणी ओढ्याच्या घळीत आहेत, इसवी सनापूर्वीच्या शतकांत कोरायला घेतलेली. दगड ठिसूळ, पुढचे भाग ढासळलेले. चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यांत एक पैठणचा मितदेव, धंद्याने 'गंधिक', म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. गुजरातेत आज 'गांधी' आडनाव आहे ते याच धंद्यावरून. विहाराच्या लेखात राजवैद्याच्या घरच्यांची नावं आहेत. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. अत्तरवाला, वैद्य, सोनार. राजाने हुकूम सोडला आणि लेणं झालं, असं इथे घडलेलं नाही.

अत्तरवाल्याने घर सोडून इतक्या लांब, घळीत का पैसे घालावेत? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं म्हटलंय, आणि तिथून गाड्या भरून रंगीत खडे बंदरावर येतात असंही. भडोचहून पैठणला जायचं तर तापी ओलांडायची, खान्देशचं मैदान तुडवायचं आणि कुठल्यातरी घाटाने ही भिंत चढायची. पितळखोरा त्या भिंतीच्या अगदी ओठावर आहे. ज्याचा माल या वाटेने जायचा, त्याने या वाटेवरच्या भिक्षूंना निवारा दिला. मोबदल्यात वाटसरूला पाणी, चार माणसांची सोबत आणि आजारपणात आसरा मिळत असणार.

दुपारी उतरून गिरणेकाठच्या बहाळला गेलो. एम. एन. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात इथे खणलं. साडेतीन हजार वर्षांहून आधीची शेतकऱ्यांची वस्ती, आणि नदीच्या पैलतीरी टेकवाड्याला त्यांची दफनं. आम्हाला गावातल्या एका काकांनी, त्यांचं नाव मी लिहीत नाही, पांढरी दाखवली.

हा शब्द खान्देशात आणि एकूणच मराठी मुलखात किती अचूक आहे! शेताची जमीन ती काळी, गावाची जमीन ती पांढरी. चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, पुन्हा भिंती, पुन्हा राख, असं शेकडो वर्षं साचत गेलं की काळ्या मातीवर फिकट टेकाड चढतं. पुरातत्त्वज्ञ ज्याला वस्तीचे थर म्हणतात, त्याला आपल्याकडे आधीपासून नाव आहे. काकांनी टेकाडाला पडलेला खड्डा दाखवला. धाब्याच्या घरावर दर पावसाळ्याआधी पसरायला लोक इथलीच माती नेत आलेत, कारण ती दबून बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या चुलीत पडलेली राख आज कुणाच्या डोक्यावरचं छप्पर आहे. इतिहास नासतोय म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण काकांचं घर गळत नाही हेही मी पाहिलं.

खड्ड्याच्या कडेला खापऱ्या उघड्या पडल्या होत्या. एक लालसर, आतून बोटांच्या रेघा स्पष्ट दिसणारी. कुंभाराचं बोट चाकावर फिरताना जरा थरथरलं होतं, ती लहर तशीच होती. पुन्हा मातीत खोचून ठेवली.

याच बहाळला शके ११४४ चा लेख आहे. भवानीचं देऊळ बांधणारा अनंतदेव हा भास्कराचार्यांच्याच घराण्यातला, सिंघणाचा ज्योतिषी. काल ज्यांचा मठ पाहिला त्यांचीच माणसं. मुलूख तसा लहानच.

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेले. उडीद आपला, याच भूमीत माणसाळवलेला. ज्वारी मात्र आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ती भारतात येऊन रुजली. बाजरीही आफ्रिकेतलीच. त्याआधी या नदीकाठचे शेतकरी जव, गहू, मसूर असं काय काय पिकवत. मी हे सांगितल्यावर काकू भाकरी थापता थापता थांबल्या. "आमनी भाकर बाहेरगावनी?" मग क्षणभराने, "ऱ्हाऊ दे. आते आमनीच शे."

तिसरा दिवस : धुळे

धुळं हे आमचं घर, म्हणून त्याच्याबद्दल थोडकंच. पेशवाई संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी खान्देशचं मुख्य ठाणं म्हणून हे गाव निवडलं आणि सरळ रस्त्यांची पेठ आखली; आजही पत्ता सांगताना आम्ही गल्ली नंबर सांगतो. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो. ठाणं, रस्ता, कापूस आणि पुढे चाळीसगावहून आलेला रेल्वेचा फाटा, एवढ्यावर हे शहर वाढलं.

सकाळ राजवाडे संशोधन मंडळात गेली. वि. का. राजवाडे गावोगाव पायी फिरून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करत. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. ताम्रपट, हस्तलिखितं, मूर्ती. आप्पा चाळीस वर्षं या दारावरून गेलेत, आत पहिल्यांदाच आले. बाहेर पडताना त्यांनी चप्पल घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

दुपारी साक्रीच्या रस्त्याला लागलो. या तालुक्यात कवठे इथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी सावळदा संस्कृतीचं एक गाव खणलं, चार हजार वर्षांपूर्वीचं. सावळदा म्हणजे शहादा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. तिथे मिळालेल्या भांड्यांवरून अख्ख्या संस्कृतीला हे नाव पडलं. कवठ्याला जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेली घरं होती, आणि वस्ती फार काळ टिकलेली नव्हती. घर बांधलं म्हणजे माणूस कायमचा स्थिरावला, असं नसतं हे तिथे कळतं.

आणि त्याच रस्त्यावर ठेलारी मेंढपाळांचा कळप आडवा आला. चार-पाचशे मेंढ्या, पुढे घोड्यावर बाजलं, भांडी, कोंबड्या, आणि सगळ्यात वर झोपलेलं एक लेकरू. पावसाळा गावी काढून ही माणसं चाऱ्यामागे निघतात. शेतकरी त्यांना शेतात बसवून घेतात, कारण मेंढ्यांच्या लेंड्यांनी रान सुधारतं. बदल्यात धान्य किंवा पैसा. आप्पांनी रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. शेवटची मेंढी जाईपर्यंत हॉर्न वाजवायचा नाही, हा त्यांचा ३१ वर्षांचा नेम होता.

चौथा दिवस : थाळनेर, सारंगखेडा

थाळनेर तापीच्या उंच काठावर आहे. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये हा भाग मलिक राजाला जहागीर दिला. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे कारभार करू लागला आणि फारुकी घराणं सुरू झालं. पुढे बुऱ्हाणपूर ही राजधानी झाली, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हे राज्य संपलं. फारुकींच्या 'खान' या किताबावरून खान्देश नाव आलं असं सांगतात. कुणी कान्हदेश म्हणतं, कुणी यादवांचा सेऊणदेश. कबरी गावालगतच आहेत. अष्टकोनी कबरीच्या भिंतींवरच्या नक्षीत पाकळ्या आणि वेली आहेत. दगडावरचा हात देवळं घडवणाऱ्याच कारागिरांचा वाटला. आठ बाजूंच्या सावलीत एक म्हातारा पत्रावळी सुकवत होता.

दिवस उतरायच्या आत सारंगखेड्याला पोचलो. दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. तापीच्या काठाने नजर पोचेल तिथवर घोडे: मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा. दख्खनची हवा चांगल्या घोड्यांच्या पैदाशीला फारशी मानवली नाही. इथल्या राजांनी, सरदारांनी बराचसा घोडा बाहेरून आणला, समुद्राने अरबस्तानाकडून किंवा उत्तरेकडून जमिनीने. आणि उत्तरेतून दख्खनेत शिरायचं तर तापीचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा, गाठायलाच हवा. बाजार इथे नदीकाठी का भरतो याचं कारण नकाशातच आहे.

एक सौदा आम्ही शेवटपर्यंत पाहिला. राजस्थानकडचा व्यापारी, डोक्याला केशरी फेटा. घेणारा शिरपूरकडचा पाटील. घोडी अबलख. पाटलाने आधी ओठ उचलून दात पाहिले, मग मानेखाली हात घालून देवमणाचा, शुभ मानतात तो, केसांचा भोवरा चाचपला, मग चारही खुरं. पोराने बसून रेवाल चाल दाखवली. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळला नसता. मग दोघांनी हात पुढे केले, वर टॉवेल पडला आणि बोलणं बंद. टॉवेलखाली बोटं दाबली जात होती. इतके हजार, एवढे कमी. व्यापाऱ्याला अहिराणी येत नव्हती, पाटलाचं हिंदी मोडकंतोडकं. पण बोटांची भाषा दोघांची एक. तीनदा हात सुटले, चौथ्यांदा व्यापाऱ्याने पाटलाच्या तळव्यावर थाप मारली. भोवतीच्या पन्नास माणसांना किंमत कळली नाही.

"बठा ना भाऊ, उभा काबर?" म्हणत पाटलाने आप्पांना खाटेवर जागा करून दिली. मग चहा. त्यांच्या बोलण्यातला 'शे' ऐका आणि गुजरातीतला 'छे' आठवा. 'आमना, आमनी, आमनं' ऐका आणि गुजरातीतला 'नो, नी, नुं' आठवा. 'करी राहिना' मध्ये हिंदीचा 'रहा' डोकावतो. आणि तरी सगळ्याचा कणा मराठीचा. अहिराणीला काही लोक अशुद्ध मराठी म्हणतात तेव्हा मला राग येतो. अहिर गुराख्यांचं नाव लावणारी ही भाषा हजार वर्षं या हमरस्त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत आली आहे. तिने सगळ्यांचं ऐकलं, हा काय तिचा दोष झाला?

पाचवा दिवस : प्रकाशे, नंदुरबार, नवापूर

प्रकाशे. तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी. आता धरणाच्या फुगवट्यामुळे पाणी बारा महिने काठोकाठ असतं. आप्पांनी अंघोळ केली, केदारेश्वराला गेले. मी टेकाडावर गेले.

बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये हे टेकाड खणलं. तळाच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत माळव्याकडच्या घाटणीची भांडी आहेत, सौराष्ट्राकडची चकचकीत लाल भांडी आहेत, प्रवरेकाठच्या जोर्व्याचं नाव लागलेली भांडी आहेत. त्याच्या वरच्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांच्या थरात गंगेच्या खोऱ्यातली काळी झिलईदार भांडी येतात. चार दिशांची मडकी, एकाच टेकाडात. मी दोन्ही पाय रोवून उभी राहिले आणि उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सपाटी, पश्चिमेला नदी गेली ती दिशा बघून घेतली. नर्मदेकडून सातपुड्याच्या खिंडींतून यायचं, नाहीतर तापी धरून सुरतेकडून यायचं. दोन्ही वाटा इथे उतरतात. पाणी आहे, काळी जमीन आहे, उतार आहे. इथे गाव वसलं नसतं तरच नवल.

भांडी काही आपल्या पायांनी आली नाहीत. काही विकत आली असतील, काही लग्न होऊन आलेल्या मुलीच्या हातच्या सवयीतून इथेच घडली असतील. मला दुसरी शक्यता जास्त जवळची वाटते. माझी आई साक्रीकडची. आमच्या घरी वरण अजून तिच्या माहेरच्या पद्धतीने होतं.

नंदुरबारला दुपारी मिरचीच्या पथारीवर गेलो. शेताएवढी जागा आणि त्यावर नुसता लाल रंग. लांबूनच डोळ्यांत पाणी आलं. ओळीने बसलेल्या बायका तोंडाला पदर गुंडाळून देठ खुडत होत्या, बोटांना चिंध्या बांधलेल्या. एकीने हात दाखवला. नखांच्या कडा भाजल्यासारख्या. संध्याकाळी लेकराला घेण्याआधी ती हातांना तेल चोळते, तरी पोरगं रडतं म्हणाली. मिरची अमेरिकेची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा, आल्याचा. गेल्या चारशे-पाचशे वर्षांत ही पाहुणी इतकी घरची झाली की तिच्याशिवाय खान्देशी जेवण ही कल्पनाच होत नाही. मात्र ती आपली होण्याची किंमत कोणाची बोटं मोजतात, हे त्या पथारीवर दिसतं, आणि ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

संध्याकाळी सुरतेकडची गाडी. आप्पा नंदुरबारहूनच धुळ्याची बस पकडून परत गेले. मला सुरतेला मावसभावाकडे जायचं होतं. अर्धा डबा आमचाच. सुरतेच्या उधना, लिंबायतला राहणारी, कापडाच्या कारखान्यांत आणि मार्केटात कामाला असलेली खान्देशी माणसं. तापी जिकडे जाते तिकडेच निघालेली.

नवापूर आलं. या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून बुऱ्हाणपूरला याच वाटेने गेला आणि नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असं लिहून गेला.

माझ्यासमोरच्या सीटवर एक आजी होत्या. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल, दोन्ही हातांनी धरलेलं. गाडी हलली तशी त्यांनी ते पोटाशी ओढलं. मी विचारलं. त्यांनी लुगड्याचं एक टोक उचलून दाखवलं: मांडे भाजायचं खापर. नवं, भट्टीतून काढलेलं, अजून मातीचा वास असलेलं.

"नातनं लगीन शे उधनाले," त्या म्हणाल्या. "तठे असं भेटत नही." आणि माझी पिशवी त्याच्या फार जवळ आली होती, ती त्यांनी हळूच पायाने बाजूला सरकवली.